बाळोती पिळू नयेत

चाकण, रविवार, ता. १० फेब्रुवारी १९५७

सौ. सगुणाक्कांस धाकट्या जावेचा, मंजुळाचा नमस्कार.

मी सुखरूप पोचले. चिंचवडहून निघालेली गाडी भोसरीला बराच वेळ थांबली, टपावर कुणाची तरी पोती चढत होती. आबा स्टँडवर न्यायला आले होते. त्यांनी माझ्या हातातली नुसती ट्रंक बघितली, काखेत पोर नाही हेही बघितलं. ट्रंक उचलली आणि पुढे चालायला लागले.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुमचे दीर तुम्हाला वाचून दाखवणार. तेव्हा त्यांना वेगळं लिहीत नाही. नवऱ्याला काय कळवायचं ते जावेच्या पत्रात आलं म्हणजे एका तिकिटात दोन कामं होतात. निघताना आत्याबाई मला म्हणाल्या, "दूध आटवून ये, मग बघू." तेव्हा तुमचे दीर उंबऱ्यात उभे राहून चपलेचा अंगठा बघत होते. अंगठा चांगला होता. मी ट्रंक उचलली आणि निघाले. आता बाळोत्यांबद्दल लिहिते.

माझ्या गेनूची बाळोती आता तुम्ही धुणार. शी लागलेलं बाळोतं आधी गार पाण्यात खळबळून घ्या. पहिलंच गरम पाणी पडलं की पिवळा डाग जन्माचा बसतो. मग बादलीत ऊन पाणी घ्या आणि मूठभर पांढरी पूड टाका. पूड मोरीच्या कोनाड्यात, तुपाच्या जुन्या डब्यात आहे. मूठ भरून टाका, हात आखडू नका. तासभर भिजू द्या, मग चोळून एका पाण्यातून काढा. नळावर दुसऱ्या पाण्याला पाळी कुठे येते म्हणा. माझी बाळोती दोरीवर बघून नळावरच्या बायका विचारायच्या, "काय घालतीस गं मंजुळा, बगळ्याची पिसं का काय ही?" वाळली की पापडासारखी कडक व्हायची. मला ते आवडायचं.

पिळू नका हे तुम्हाला सांगायला नको. बाळंतपणाहून गेनूला घेऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक पिळायला घेतलं, तर आत्याबाईंनी हातातून ओढून घेतलं होतं. "बाळोतं पिळलं की पोराच्या आतड्याला पीळ पडतो, एवढं बी आईनं शिकवलं न्हाई व्हय?" शिकवलं होतं, आमच्याकडेही तसंच म्हणतात, माझ्याच हाताला सवय नव्हती. तेव्हा तसंच निथळत टाका आणि दिवेलागणीच्या आत दोरीवरून काढा. अंधारात वरून पाखरू गेलेलं चांगलं नाही.

त्याच्या जांघेत आणि कमरेला जे लाल झालं आहे, तिथे खोबरेल लावत जा. फार चोळू नका, तो ओरडतो.

तो डाव्या कुशीवर लवकर झोपतो.

मंजुळा


चाकण, मंगळवार, ता. १९ फेब्रुवारी १९५७

सौ. सगुणाक्कांस नमस्कार.

पत्र पोचलं. अक्षर तुमच्या दिरांचं होतं, मजकूर आत्याबाईंचा होता, आणि तुमच्याकडचं फक्त एक वाक्य होतं, की गेनू शेळीचं दूध घेतो. ते मी दोनदा वाचलं.

अंगावरचं लाल तसंच आहे, उलट आता पाणी सुटतं, असं लिहिलं आहे. आत्याबाईंचं म्हणणं की पहिलं दूध अंगात भिनलेलं आहे, उतरायला वेळ लागणार. लागेल. माझ्या दुधाबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही होताच त्या दिवशी. वाटीत माझं दूध काढून त्यांनी त्यात मुंगी सोडली, मुंगी मेली, आणि सगळ्या घराने मान हलवली. "इखारी दूध हाय. मुंगी मेली तर लेकराचं काय व्हायचं?" मीही मान हलवली. खरंच सांगते आक्का, मला तेव्हा पटलं. मेलेली मुंगी डोळ्यांसमोर दिसत असताना काय बोलणार?

परवा इथे म्हैस पिळल्यावर मी वाटीभर दूध घेतलं आणि त्यात मुंगी टाकली. तीही मेली. मग दुसरी टाकली. आईने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, काही नाही. ह्या म्हशीच्या दुधाचा चहा आबा रोज पितात आणि साठी उलटली तरी शेतावर जातात. हे कुणाला वाचून दाखवायचं नसेल तर दाखवू नये.

पाडव्याच्या दिवशी गेनूला तुमच्या ओटीत घालायचं चाललं आहे, असंही लिहिलं आहे. तुम्हाला मूल नाही, आणि माझ्या दुधाची ही तऱ्हा. आत्याबाई म्हणतात, घरातलंच पोर घरातच राहील, मंजुळाला पुढे होतील. माझं काय म्हणणं ते विचारलं आहे.

मला काही वाटत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच वाटत नाही. सकाळी उठते, अंगण झाडते, कांदे साठवायच्या चाळीत ते हलवायला जाते. कांदा सोलताना सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येतं, माझ्या येत नाही. आई म्हणते नजर लागली असेल. कुणाला काय हेवा वाटावा असं माझ्यात आता राहिलेलं नाही.

दूध आटत आलं आहे, असं आत्याबाईंना सांगा.

शेजारची हसीना, लहानपणी माझ्याबरोबर खेळायची ती, बाळंत झाली आहे. मुलगी आहे, बेगम नाव ठेवलं. हसीनाला मुदतीचा ताप आला आहे. डॉक्टरांनी अंगावर पाजायचं बंद करायला सांगितलं. तिचा नवरा मीरासाहेब कांद्याचा ट्रक चालवतो, तो रोज दारात येऊन नुसता उभा राहतो. उभं राहणाऱ्या नवऱ्यांचं पीक यंदा चांगलं आहे.

मंजुळा


चाकण, बुधवार, ता. २७ फेब्रुवारी १९५७

सौ. सगुणाक्कांस नमस्कार.

आज महाशिवरात्र. आईने उपास केला आहे. मी केला नाही, मला सारखी भूक लागते.

इथे बाळोती रिठ्याने धुतात. रिठे फोडून रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून फेस काढायचा. पुडीएवढी पांढरी होत नाहीत, जराशी मळकट राहतात. पण हाताला मऊ लागतात. तुम्ही म्हणाल, हिला इथे कुणाची बाळोती धुवायची पडली आहेत? शेजारधर्म आहे, असं समजा.

आई हल्ली दुपारी दार लोटून घेते आणि बाहेर ओसरीवर कांदे निवडत बसते. कुणी आलं तर म्हणते, मंजुळा निजली आहे. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "लोकं काय म्हनतील गं?" मग जरा वेळ भिंतीपलीकडचा आवाज ऐकत बसली, उठली आणि स्वतःच दार लोटलं. त्याच्यापुढे काही विचारू नका.

गेनूचं कळवा. तुमच्या तोंडचं कळवा, आत्याबाईंच्या नको.

मंजुळा


चाकण, बुधवार, ता. ६ मार्च १९५७

सौ. सगुणाक्कांस,

हे पत्र मिळाल्याबरोबर पूड बंद करा. त्याच दिवशी, त्याच घटकेला. डबा उकिरड्यावर फेका. घरात आहेत तेवढी सगळी बाळोती पाच-सहा पाण्यांतून काढा, पाळी येवो न येवो, नळावर भांडण झालं तरी चालेल.

आता का ते सांगते. त्यासाठी आधी जे लपवलं ते लिहावं लागेल.

माझं दूध आटलेलं नाही. हसीनाच्या बेगमला मी पाजते आहे. मुसलमानाची पोर माझ्या अंगावर पिते हे आत्याबाईंना कळल्यावर काय होईल ते मला ठाऊक आहे. पण ती पोर माझ्याच दुधावर गुटगुटीत झाली आहे. अंगावर पुरळ नाही, पोटात मुरडा नाही, हगवण नाही. विखारी दूध असतं तर ती पहिली गेली असती. हसीना तापात होती, तरी एकदा डोळे उघडून बघत म्हणाली, "मंजुळा, तुजं दूध ग्वाड असणार बग, कशी गप पडलीय." एवढ्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण वाटीतल्या मुंगीची आठवण झाली.

परवा सोमवारी ढगाळ होतं. बेगमची बाळोती वाळेनात. माझ्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत गेनूची दोन बाळोती चुकून आली होती. चिंचवडला धुतलेली, पांढरीशुभ्र, कडक. त्यांतलं एक मी तिला गुंडाळलं. संध्याकाळी सोडलं तर जांघा लाल. कमरेवर जिथे गाठ होती तिथे पट्टा. पाण्याचा हात लावला तर अशी किंचाळली की मीरासाहेब ट्रकखालून निघून धावत आला. आक्का, तो आवाज मी ओळखला. तोच आवाज गेनूचा होता.

दूध तेच होतं, मी तीच होते. बदललं होतं ते बाळोतं.

मग मी ते दुसरं बाळोतं घेतलं, अजून ट्रंकेतच होतं, आणि कोपरा जिभेला लावला. चुना लागावा तशी जीभ चरचरली. पूड त्या कापडातच होती. एका पाण्याने ती निघत नाही. आणि आपण पिळत नाही. पिळलं असतं तर पाण्याबरोबर बरीच गेली असती. आपण तसंच निथळत टाकतो, पाणी वाळतं आणि पूड मागे राहते. रिठ्याला चालतं ते पुडीला चालत नाही. पोराने मुतलं की ती पुन्हा ओली होते आणि त्याची कातडी खाते. मी रोज मूठ भरून घालत होते, आणि इथे आल्यावर पहिल्या पत्रात तुम्हाला सांगितलं, हात आखडू नका.

तेव्हा पूड बंद. रिठे वापरा, नाहीतर नुसतं गार पाणी. आणि पिळा. चांगला पीळ घालून पिळा.

आता वाचून दाखवणाऱ्यांसाठी. पूड कुठून येते ते मला पहिल्यापासून माहीत आहे. तुमच्या जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्याला तिचा वास यायचा. तुम्ही कामाला जाता त्या सरबताच्या कारखान्यात बाटल्या धुवायला जी पूड असते, ती कागदात बांधून डब्यातून बाहेर यायची. आणि कारखान्याच्या फाटकावर पहारा आक्कांच्या मालकांचा. सख्ख्या भावाचा डबा कोण उघडून बघणार? हे घरात बोललं गेलं तर थोरल्या भाऊजींची मान खाली जाईल आणि तुमची नोकरी जाईल, हे मला कळतं. म्हणून मी आजवर बोलले नाही. पण आता हे वाक्य मोठ्याने वाचा. नाहीतर हे गाळा आणि वरचं सगळं वाचा. पूड फेका एवढं तरी वाचा. तुमचं पोर आहे.

मंजुळा


चाकण, शुक्रवार, ता. १५ मार्च १९५७

आक्का,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही आणि मी ते टपालात टाकणार नाही. तरी लिहिते आहे. बोचक्यात ठेवीन.

काल तुमच्या घरचं उत्तर आलं. "तुझे पत्र आक्कास वाचून दाखविले. आक्का तू सांगितल्याप्रमाणे मूठभर पूड टाकते. बाळोती पांढरी निघतात. गेनूचे अंग अजून बरे नाही. पाडव्याची तयारी चालू आहे." असं सुबक अक्षरात लिहिलं आहे. शाळेत त्यांना अक्षराबद्दल बक्षीस मिळालं होतं, लग्नात त्यांच्या मामांनी सांगितलं होतं.

म्हणजे तुम्हाला पहिलंच पत्र पुन्हा वाचून दाखवलं असेल, किंवा चौथ्यातलं काही तरी जुळवून. ते वाईट नाहीत आक्का. त्यांना वाटत असेल, धुण्याने कुणाला जखम होते का? बायको सासूच्या रागाने काहीतरी लिहिते. माणसाला जे नको असतं ते खोटं वाटायला वेळ लागत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ज्याचं जळतं आहे त्याला अजून बोलता येत नाही.

तेव्हा कागदाचा नाद सोडला. उद्या मीरासाहेब कांदे घेऊन पुण्याला जातो आहे. तो वाट वाकडी करून चिंचवडला येईल. सकाळी तुम्ही नळावर असता. बोचक्यात मूठभर रिठे आहेत आणि गेनूची दोन बाळोती. एक तसंच आहे, पुडीचं, बेगमला लावलं नाही ते. दुसरं मी तीन दिवस पाण्यात घातलं, रिठ्याने धुतलं, आणि मग पिळलं. दोन्ही हातांनी पिळलं, होता होईल तेवढं, आणि पीळ न सोडता तसंच उन्हात वाळवलं. दोरखंडासारखं झालं आहे. ते बघून तुम्ही दचकाल. आईच्या हातून पोराचं बाळोतं पिळून आलं, असं आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसेल. दचकावंच म्हणून पाठवते आहे. पिळण्याचं जे काही पाप असेल ते मी आधीच करून ठेवलं आहे, तुम्ही बिनधास्त पिळा.

परक्या बाईशी नळावर उभं राहून मीरासाहेब किती बोलणार? त्याला एकच वाक्य शिकवलं आहे. "वैनी, दोनीबी जिभेला लावून बघा." तो दिवसभर घोकतो आहे. हसीना आता उठून बसते. ती अंथरुणातून म्हणाली, "आवो, कांदं इसरला तर चालंल, ह्ये इसरू नगा."

आक्का, तुम्ही हे करालच असं मला वाटत नाही. गेनू बरा झाला तर माझं दूध खोटं नव्हतं हे उघड होणार, आणि मग पाडव्याला ओटीत घालायला कारण काय उरलं? तुम्ही त्या घरात किती वर्षं कुणाकुणाच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या ते मी ऐकलं आहे. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. बोचकं मोरीत टाकून दिलं असतं, कदाचित.

गेनू तुमच्याकडे राहिला तरी चालेल. पण त्याची कातडी राहू द्या.

आता बोचकं बांधते. मन जागच्या जागी आहे, दगड ठेवल्यासारखं.


चाकण, शुक्रवार, ता. २९ मार्च १९५७

गेनूच्या वडिलांस,

हे पत्र तुम्हालाच आहे. मोठ्याने वाचायचं कुणासाठी नाही, तरी शेवटी वाचावं लागेल.

आक्का काल संध्याकाळच्या गाडीने इथे आल्या. घरी देवीला जाते म्हणून सांगून निघाल्या, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. काखेत गेनू होता, हातात पिशवी होती. आम्ही कुणी त्यांची वाट बघत नव्हतो. मी ओसरीत कांदे निवडत होते. रस्त्याच्या वळणावरून एका पोराच्या रडण्याचा आवाज आला. कुणाचंही पोर असू शकतं. मी मान वर केली नाही. तेवढ्यात आई म्हणाली, "मंजुळा, तुजी चोळी भिजली." बघते तर पार कमरेपर्यंत. माझ्याआधी माझ्या अंगाला कळलं.

गेनूने मला ओळखलं नाही. आक्कांच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं. मी हात पुढे करून उभी राहिले आणि मला काही वाटेना. हेही तुम्हाला सांगते, कारण लपवण्याची मला आता सवय ठेवायची नाही. आक्कांनी त्याला खाली उतरवला, कमरेचं सोडलं आणि मला दाखवलं. जांघा स्वच्छ होत्या. कमरेवर थोडा काळसर डाग आहे, तोही जाईल. बाळोतं मऊ होतं, मळकट होतं, त्याला रिठ्याचा वास होता.

आक्का काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"त्यो ट्रकवाला नळावर आला, बोचकं दिलं, येकच बोलला आन् गेला. म्या उघाडलं तर वर ह्ये पिळलेलं. तसंच पदराखाली दाबलं. मंग घरी येऊन मोरीत बसले आन् लावली जिभेला दोनी. पुडीचं लावलं तशी थुकले. डबा परसात पुरला. आत्याबाई निजल्या की बाळोती धुवायची, पिळायची, झटकून टाकायची, त्यांना पीळ दिसू द्यायचा न्हाई. आठवड्यात जखमा वाळून पोर खडखडीत. मंग म्या गप बसले. त्यांनी म्हनायचं, शेळीचं दूध मानवलं गं, आन् म्या व्हय म्हनायचं. पाडवा हुईस्तवर गप बसायचं ठरीवलं व्हतं. खोटं कशाला बोलू? त्यो माजा झाला असता."

आईने त्यांना पाणी दिलं. त्या प्यायल्या नाहीत.

"पर झोप यीना. बरं पोर मांडीवर घ्यायचं आन् त्याला म्हनायचं, तुज्या आईच्या दुधात इख व्हतं. कसं म्हनू? आजारी व्हतं तवर म्हनवलं, बरं झाल्यावर तोंडच उठंना. घे गं बाई तुजं."

आणि त्यांनी गेनूला माझ्या मांडीवर ठेवलं. तो रडत होता, मी त्याला पदराखाली घेतलं. त्याने तोंड फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग धरलं. जोरात धरलं. दुखलं मला. पुष्कळ दिवसांनी काहीतरी लागलं, ते दुखणं होतं. मग मी रडले. कांद्याचं निमित्त हाताशी होतं, पण कुणी ते मान्य केलं नसतं, इतकी रडले. आक्का दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

रात्री त्यांनी चोळीतून माझं ते पत्र काढलं, बोचक्यातलं. घडीही मोडली नव्हती. "काय लिवलंयस, वाच." मी सगळं वाचून दाखवलं. बोचकं मोरीत टाकून दिलं असतं, ह्या वाक्यावरही थांबले नाही. त्या म्हणाल्या, "व्हय. तसंच आलं व्हतं मनात." मग त्यांनी चौथं पत्र विचारलं. ते माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. पण मला पाठ होतं, मी तोंडानेच सांगितलं. डब्याचं, कप्प्याचं, फाटकाचं, सगळं. त्यांनी गेनूवरचं पांघरूण सारखं केलं. नंतर एवढंच म्हणाल्या की मालकांना मी सांगणार नाही, ज्याने आणलं त्याने सांगावं.

माझंही तेच म्हणणं आहे.

सोमवारी पाडवा. आक्का शनिवारी परत येतील. त्या घरी आल्या की आत्याबाई विचारतील, पोर कुठे आहे? त्या सांगतील, त्याच्या आईपाशी. पुढे जे होईल त्याला त्या एकट्या तोंड देणार आहेत का, हे तुम्ही ठरवा. मी हसीनाच्या मुलीला पाजलं हेही आत्याबाईंना कळू द्या. अजूनही दुपारी पाजते. एका बाजूला ती आणि एका बाजूला गेनू, दोघांना पुरून उरतं. विखारी दुधाला इतकी बरकत असते हे मला ठाऊक नव्हतं.

गेनू आणि मी परत येणार आहोत. कधी ते तुमच्यावर आहे. आधी थोरल्या भाऊजींसमोर आणि आत्याबाईंसमोर तुम्ही सांगा, पूड काय होती, कुठून आणली, आणि माझं पत्र तुम्ही कसं वाचलंत. अक्षर सुंदर आहे तुमचं, आवाजही वाईट नाही. एकदा न गाळता ऐकू द्या.

मग आम्हाला न्यायला या. येताना घरी राहिलेली गेनूची सगळी बाळोती घेऊन या. आक्कांना धुवायला सांगू नका, आत्याबाईंना नको, नळावरच्या कुणाला नको. तुम्ही धुवा. गार पाण्यात आधी, मग रिठ्याने, रिठे आक्कांपाशी आहेत. दिवसाउजेडी नळावर बसून धुवा, बायका हसतील, हसू द्या. आणि पिळा.

आल्यावर मी एकेक जिभेला लावून बघणार आहे.

मंजुळा